काळ्या फोटोतल्या अळ्या

फैयाज शेखचं दुकान माझ्या झेरॉक्सच्या गाळ्याला लागून आहे. मधली भिंत चार इंचांची, त्यामुळे त्याच्याकडचं बोलणं नको असलं तरी मला ऐकू येतं. पाटीवर अजून 'घड्याळ व कॅमेरा दुरुस्ती' असंच लिहिलंय. आत मात्र आता सीसीटीव्हीचे खोके आणि वायरींची भेंडोळी. श्रीरामपुरातल्या निम्म्या दुकानांत त्यानंच कॅमेरे बसवलेत, पण त्यात त्याचं मन नाही. माणूस चोपन्न वर्षांचा, उंच, किडकिडीत. बोटं अशी की मनगटी घड्याळातला केसाएवढा स्क्रू चिमट्याशिवाय उचलतो. वडिलांनी, इब्राहिमभाईंनी, दहाव्या वर्षी त्याला दुकानातल्या स्टुलावर बसवलं, तेव्हापासून तो तिथंच आहे.

त्याला मित्र एकच. वाल्मिक तुपे. कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत असिस्टंट होता. सत्त्याण्णव साली कॉलेजच्या दुर्बिणीच्या भिंगाला बुरशी लागली, ते घेऊन तो दुकानात आला आणि दोघांचं जमलं. वाल्मिकला पुस्तकातलं कळायचं, फैयाजला हातातलं. दुकानाच्या मागच्या खोलीत दोघांनी चौदा महिने काच घासून आठ इंची आरसा तयार केला. त्याची दुर्बीण केली. पुढं डिजिटल कॅमेरे आल्यावर फैयाजनं भंगारातला एक कॅमेरा उघडून त्याच्यातली लाल प्रकाश अडवणारी काच काढून टाकली आणि मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो घेतला. तो नगरच्या एका पेपरात छापून आला होता. खाली दोघांची नावं. ते कात्रण काचेखाली अजून आहे.

रोज संध्याकाळी पाचला वाल्मिक कॉलेजातून सुटून दुकानात यायचा. दोन कप चहा, तासभर गप्पा. पंचवीस वर्षं हे चाललं. इब्राहिमभाई वारले त्या वर्षी फैयाजनं त्यांचं सगळ्यात आवडतं भिंग वाल्मिकला देऊन टाकलं. जपानी बनावटीचं, हातात घेतलं तर दगडासारखं जड, काचेला किंचित चहासारखी पिवळी झाक. देताना म्हणाला, "अब्बांची आठवण तुझ्याकडं राहू दे. माझ्याकडं दुकान आहे."

मग मोनिका साळवे आली.

ती रेल्वेत सिग्नल विभागात इंजिनिअर, वय तिशीच्या आसपास, राहत्याकडची. बदली होऊन इथं आली आणि रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायला लागली. वाल्मिक नुकताच रिटायर झाला होता आणि एका शाळेत पोरांना दुर्बिणीतून सूर्यावरचे डाग दाखवत होता. फैयाज मदतीला गेला होता. तिथं ती दोघांना भेटली. तिच्याकडं खास आकाशासाठीचा कॅमेरा होता, जुन्या धाटणीचा सीसीडी, पुण्याच्या एका हौशी माणसाकडून घेतलेला. चालू केला की आतली चकती, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, उणे वीसपर्यंत थंड करायचा. वाल्मिकनं तसला कॅमेरा आयुष्यभर फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. त्या दिवशी परत येताना तो मोटरसायकलवर मागं बसून सगळा वेळ त्या कॅमेऱ्याचंच बोलत होता. फैयाज गाडी चालवत होता. 

दोन महिन्यांत पाचचा चहा मोडला. आधी मंगळवारी वाल्मिक यायचा राहिला, मग शुक्रवारीही. फैयाजनं वार पाठ केले होते. कामाचं निमित्त काढून तो रेल्वे कॉलनीवरून जायचा आणि वाल्मिकची निळी स्कूटर क्वार्टरसमोर दिसली की परत येऊन मला सांगायचा, "आज पण तिकडंच." स्कूटर दिसली नाही तर आणखी चिडायचा, कारण मग ते दोघं कुठं गेले असतील ते कळायचं नाही.

त्याच्या बायकोला, मेहताबला, हे सगळ्यांच्या आधी समजलं. एकदा ती दुकानात डबा घेऊन आली, त्याच्याकडं बघितलं आणि माझ्यासमोरच म्हणाली, "क्या जी, सौतन आयी क्या तुमारी?" मी हसलो. फैयाज हसला नाही.

दिवाळीनंतर वाल्मिक एकदा अवेळी, दुपारीच आला. पिशवीतून त्यानं ते जड भिंग काढून काउंटरवर ठेवलं.

"हे मोनिकाच्या कॅमेऱ्याला बसेल अशी रिंग करून दे ना. तिच्याकडं मोठा पट्टा एकदम दिसेल असं भिंगच नाही."

फैयाजनं भिंगाकडं बघितलं. "हे देणार तिला?"

"वापरू दे की. माझ्याकडं नुसतं पडूनच आहे."

'पडूनच आहे' हे दोन शब्द फैयाजनं मला पुढं कितीदा ऐकवले असतील, त्याची मोजदाद नाही. पण रिंग त्यानं केली. एमआयडीसीत ओळखीच्या लेथवर जाऊन स्वतः केली. मी विचारलं, नाही म्हणायचं होतं तर का केली? तो म्हणाला, "दुसऱ्याकडून करून घेतली असती त्यानं, आणि वाकडी झाली असती." रिंग इतकी नेमकी बसली की मोनिकानं फोन करून आभार मानले.

आठ दिवसांनी वाल्मिक मोबाईलवर फोटो घेऊन आला. त्या भिंगातून काढलेलं सबंध मृग नक्षत्र. तारे सुईच्या टोकासारखे, मध्ये तेजोमेघ, आणि भोवती जे त्या दोघांना पंचवीस वर्षांत एकदाही पकडता आलं नव्हतं ते तांबूस धुकं सगळीकडं पसरलेलं.

"बघ, बघ. मोठं करून बघ."

फैयाजनं मोठं करून बघितलं. "कडेचे तारे ताणलेत," म्हणाला आणि मोबाईल परत दिला.

वाल्मिक गेल्यावर त्यानं काचेखालचं कात्रण थोडा वेळ बघितलं आणि त्यावर पावतीबुक ठेवून दिलं.

जानेवारीत मोनिका स्वतः दुकानात आली. हातात कॅमेरा, खांद्याला लॅपटॉप. अडचण अशी होती: आकाशाचे फोटो काढणारे लोक कॅमेऱ्यावर झाकण लावूनही फोटो काढतात, तितकाच वेळ, दहा-दहा मिनिटांचे. त्यात काहीच दिसायला नको. कॅमेऱ्याचा स्वतःचा जो खरखराट असतो तेवढाच त्यात येतो आणि मग तो खऱ्या फोटोतून वजा करता येतो. पण मोनिकाच्या काळ्या फोटोत भलतंच दिसत होतं. तिनं लॅपटॉप फिरवला. काळ्याभोर पडद्यावर पांढरे ठिपके, काही सरळ रेघा, आणि शेकड्यांनी बारीक वळवळते तुकडे. जुन्या तांदळात अळ्या पडतात तसे.

"फैयाजभाई, कॅमेऱ्यातलं तुमच्याइतकं इकडं कुणाला कळत नाही असं काका म्हणतात. दोन दिवस ठेवून बघाल?"

काका म्हणजे वाल्मिक. ते वाक्य ऐकून फैयाजला क्षणभर बरं वाटलं होतं, हे त्यानंच कबूल केलं. मग ते तिच्या तोंडून ऐकावं लागलं याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, शटर अर्धं ओढून तो बसला. झाकण लावायचं असल्यामुळं रात्रीची गरज नव्हती. त्यानं एकापाठोपाठ एक असे दोन काळे फोटो काढले आणि पडद्यावर एकमेकांवर ठेवून पाहिले. पहिल्या फोटोतली एकही अळी दुसऱ्या फोटोत त्याच जागी नव्हती. तिथंच त्याला कळलं. चकती खराब असती तर डाग दर वेळी त्याच ठिकाणी आला असता. इथं डाग जागा बदलत होते, म्हणजे बाहेरून काहीतरी येऊन चकतीवर आदळत होतं.

थोडंफार येतंच, हे वाल्मिकनंच त्याला कधीतरी शिकवलं होतं. आकाशातून कणांचा पाऊस सारखा पडत असतो. स्लॅबमधून, पत्र्यातून, माणसाच्या अंगातून आरपार जातो, कळतही नाही. कॅमेऱ्याच्या चकतीतून गेला की ठिपका नाहीतर सरळ रेघ उमटवतो. जमिनीतून, दगड-विटांतूनही बारीकसा किरणोत्सर्ग चालू असतो. त्याच्या धक्क्यानं जो कण सुटतो तो हलका, ठेचकाळत जातो, म्हणून त्याची रेघ अळीसारखी वाकडी. पण दहा मिनिटांत इतक्या?

त्यानं मोजल्या. सगळं मिळून तीनशे सव्वीस. मग सहज म्हणून भिंग काढलं, कॅमेऱ्याच्या तोंडाला नुसतं धातूचं झाकण लावलं आणि पुन्हा दहा मिनिटं. त्रेचाळीस. भिंग परत लावलं. तीनशे एकोणीस.

 त्याला अब्बा आठवले. उन्हाळ्यात इब्राहिमभाई हे भिंग पंधरा-पंधरा दिवस पत्र्यावर उन्हात ठेवायचे. पिवळेपणा उतरायचा, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा चढायचा. "काचेत औषध घातलंय, ते तिला आतून करपवतं," असं ते सांगायचे. फैयाजनं मोबाईलवर शोधलं. खरंच होतं. साठ-सत्तर सालच्या काही भिंगांच्या काचेत थोरियम मिसळायचे, त्यामुळं काच प्रकाश जास्त वाकवते. वापरणाऱ्याला त्याचा त्रास असा नाही, पण काच थोडा थोडा किरणोत्सर्ग जन्मभर सोडत राहते. साध्या कॅमेऱ्यावर सेकंदभराच्या फोटोत कुणाला कळणार! हिचा कॅमेरा मात्र दहा मिनिटं डोळे उघडे ठेवून बसतो.

त्यानं वहीत तारीख घातली, अकरा जानेवारी, आणि तिन्ही आकडे लिहिले. मग वाल्मिकला फोन लावला. कधी एकदा त्याला सांगतो असं झालं होतं.

फोन उचलला गेला. पलीकडं मोनिकाचं हसणं ऐकू आलं. वाल्मिक म्हणाला, "अरे, मी क्वार्टरवर आहे, शाळेसाठी तक्ते करतोय आम्ही. महत्त्वाचं आहे का? नंतर करू?"

"नाही, काही नाही," फैयाज म्हणाला.

वाल्मिकचा फोन नंतर आला नाही. दुसऱ्या दिवशी मोनिका कॅमेरा न्यायला आली तेव्हा फैयाजनं भिंग काढून बाजूला ठेवलं होतं. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. तो शांतपणे म्हणाला, "चकती गेलीय मॅडम. इथं होणारं काम नाही. बंगळूरला कंपनीकडं पाठवा. भिंग राहू दे माझ्याकडं, प्रवासात फुटेल."

कॅमेरा तीन आठवडे बंगळूरला होता. त्या तीन आठवड्यांत वाल्मिक रोज पाचला दुकानात आला. फैयाज खुशीत. मला दोनदा भजी खिलवली त्यानं.

फेब्रुवारीत कॅमेरा परत आला. सोबत चिठ्ठी: दोष आढळला नाही. मोनिका गोंधळली. फैयाजनं, कुणी विचारायच्या आत, भिंग स्वतः कॅमेऱ्याला बसवलं, सांध्यावर काळी टेप गुंडाळली आणि बजावलं, "आता हे काढू नका. चकतीवर धूळ बसली तर साफ होणार नाही." पहिलं खोटं रागात बोलून गेला होता. हे दुसरं त्यानं विचार करून केलं, असं तो स्वतःच म्हणतो.

घरी जाऊन मोनिकानं झाकण लावून फोटो काढला. अळ्या होत्याच.

इथून पुढं जे झालं त्याचा फैयाजनं विचार केला नव्हता. बंगळूरला कॅमेरा ठीक आणि श्रीरामपुरात बिघडलेला, म्हणजे श्रीरामपुरातच काहीतरी आहे, असं मोनिकाच्या डोक्यात आलं. वाल्मिक तर पेटलाच. ओट्याच्या लाल ग्रॅनाइटमधून येत असेल. राखेच्या विटांतून येत असेल. मग दोघं कॅमेरा घेऊन फिरायला लागले. क्वार्टरचा ओटा, वाल्मिकची गच्ची, कॉलेजचं तळघर, प्रवरेचा काठ, देवगडच्या रस्त्यावरचं मोकळं माळरान. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटांचे पाच-पाच काळे फोटो. मोनिका ठिपके-रेघा वेगळ्या मोजायची आणि अळ्या वेगळ्या. वाल्मिक जाईल तिथला दगड उचलून पिशवीत टाकायचा. डबे बांधून नेत, झाडाखाली जेवत. एकसष्ट वर्षांचा माणूस पोरासारखा उजळला होता.

आणि रोज संध्याकाळी तो हे सगळं फैयाजला सांगायचा. चहा पिता पिता, हातवारे करत. आज काय झालं, मोनिका काय म्हणाली, कुठल्या दगडावर त्याचा संशय आहे. फैयाज ऐकायचा. उत्तर ड्रॉवरमधल्या वहीत होतं, त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. आपल्याच खोटेपणामुळं त्या दोघांना हे दिवस मिळाले, हे त्याला दिसत होतं. आरसा घासतानाच्या चौदा महिन्यांत जे त्याच्या वाट्याला आलं होतं, तेच आता तिच्या वाट्याला आलं होतं. सांगावं तर चोरी उघडी पडते, न सांगावं तर ते दोघं आणखी कुठंतरी जातात.

"तू पण चल ना कधी," वाल्मिक एकदा म्हणाला.

"दुकान कोण बघणार?"

"एक दिवस बंद ठेव. विहिरीवर चाललोय आम्ही."

म्हणून एप्रिलमध्ये फैयाज विहिरीवर गेला. टाकळीभानला वाल्मिकचा मेहुणा आसाराम राहतो, त्याच्या शेतात साठ फूट खोल विहीर आहे. वाल्मिकचं म्हणणं, खाली आकाशातून येणारे कण कमी होतील आणि जमिनीतले तेवढेच राहतील, मग वेगळे ओळखता येतील. सकाळचे अकरा वाजले होते. पाणी तळाला गेलेलं, बाजूला कातळाचा कोरडा टप्पा. भिंतीत लोखंडी दांड्या ठोकलेल्या.

आसाराम डोक्याला हात लावून बघत होता. "हिरीत कसला फोटू काढताय दाजी? दोन बेडकं हायती अन् कपारीत पारवं. अन् दांड्या लई जुन्या हायत बरं का. मी बी उतरत न्हाई आता."

"मी उतरते काका," मोनिका म्हणाली.

"तू वर थांब. तुला काही झालं तर तुझ्या आईला काय सांगू?" असं म्हणून वाल्मिकच उतरला. फैयाजनं दोरीला पिशवी बांधून कॅमेरा खाली सोडला. तासभर काम चाललं. फोटो झाले, फैयाजनं दोरी ओढून पिशवी वर घेतली आणि मोनिकाच्या हातात दिली. वाल्मिक वर यायला लागला. सात-आठ फूट चढला असेल, आणि पायाखालची दांडी भिंतीतून निसटली.

आवाज फार मोठा झाला नाही, असं फैयाज सांगतो. धप्प, आणि मग पारवे फडफडत वर आले.

तो कसा उतरला ते त्याला आठवत नाही. आसाराम वरून ओरडत होता. वाल्मिक टप्प्यावर कुशीवर पडला होता, डावं मनगट भलत्याच दिशेला वळलेलं. तोंड पांढरं. फैयाजनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. वाल्मिकनं डोळे उघडले.

"कॅमेरा वर गेला ना रे? तिचा कॅमेरा नीट आहे ना?"

"मित्र मरायला टेकलाय असं वाटून उतरलो होतो," फैयाज मला म्हणाला, "आणि त्या वेळीसुद्धा मला तेच लागलं बघ. तिचा कॅमेरा."

दोरी, आसारामचा भाऊ आणि शेजारचे दोघं, यांनी मिळून वाल्मिकला वर काढलं. टेम्पोतून श्रीरामपूरच्या दवाखान्यात आणलं. मनगटाची दोन हाडं मोडली होती. सळई घालावी लागली. बाकी वाचला. राहीबाई, वाल्मिकची बायको, दवाखान्यात फैयाजचा हात धरून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही होता म्हणून." फैयाज बाहेर जाऊन बाकावर बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोनिका दुकानात आली. जवळजवळ पळतच. तिच्या हातात कॅमेरा होता आणि दुसऱ्या हातात भिंग. टेप काढलेली.

"फैयाजभाई, सापडलं! नऊ ठिकाणं झाली, सगळे आकडे रात्री समोर मांडून बसले. विहिरीत ठिपके आणि रेघा कमी झाल्या, निम्म्यावर आल्या. बरोबर, ते वरून येतात. पण अळ्या? नदीवर तेवढ्याच, तळघरात तेवढ्याच, विहिरीत तेवढ्याच. दगड बदलला, माती बदलली, अळ्या काही बदलत नाहीत. म्हणजे त्या कुठल्या जागेच्या नाहीतच. आपल्याबरोबर फिरतायत. मग आज सकाळी भिंग काढलं. पंचेचाळीस! हे भिंगच आहे. काचेतच काहीतरी आहे."

फैयाज स्टुलावर बसून ऐकत होता.

"तुमच्याकडं दोन दिवस होता कॅमेरा, तेव्हा हे कसं नाही लक्षात आलं?" तिनं विचारलं. त्यात संशय नव्हता. ती हसत होती. "काकांना इतकं जुनं भिंग मिळालं तरी कुठून? भंगारात का?"

मी झेरॉक्स मशीन बंद केलं होतं.

तो गप्प राहिला असता तर कुणालाच काही कळलं नसतं. ती निघून गेली असती, वाल्मिकला बातमी दिली असती, सगळे हसले असते. पण दोन गोष्टी त्याच्याच्यानं सोसवल्या नाहीत. भिंग कुणाचं हे वाल्मिकनं तिला कधी सांगितलंच नव्हतं. आणि ती पहिली ठरत होती.

"लक्षात आलं होतं," तो म्हणाला. "अकरा जानेवारीला. तुमच्या तीन महिने आधी."

त्यानं ड्रॉवर उघडून वही काढली आणि तिच्यापुढं टाकली. "तीनशे सव्वीस, त्रेचाळीस, तीनशे एकोणीस. थोरियम आहे काचेत. भिंग माझ्या वडिलांचं आहे."

वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग मोनिकाचा आवाज आला, हळू. "मग चकती गेली असं का सांगितलंत?"

फैयाजनं ड्रॉवर लोटून बंद केला.

"टेप पण हे कळू नये म्हणूनच?"

"हो."

तिनं वही पुन्हा बघितली असावी. कारण नंतर ती म्हणाली, "तुमची पद्धत माझ्यापेक्षा चांगली होती. मी भिंग परत लावून तिसऱ्यांदा मोजलं नाही." तिनं भिंग काउंटरवर ठेवलं. "काका विहिरीत उतरले, फैयाजभाई." एवढंच म्हणून ती गेली.

संध्याकाळी फैयाज वाल्मिकच्या घरी गेला. मोनिका येऊन गेलेली होती. राहीबाईनं दार उघडलं, पण 'या' म्हणाली नाही. वाल्मिक प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून पलंगावर बसला होता.

"हाताचं जाऊ दे," वाल्मिक म्हणाला. "दोन महिने मी येड्यासारखे दगड गोळा केले आणि रोज येऊन तुला सांगितलं. तू चहा पाजत होतास."

"तुम्ही दोघं मजेत होता."

"तू पण आला असतास की."

"मी फोन केला होता तुला. त्याच दिवशी. तू म्हणालास, नंतर करू."

वाल्मिकला तो फोन आठवत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावरून ते स्पष्ट दिसलं, आणि फैयाजला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"अब्बांचं भिंग आहे हे तिला का नाही सांगितलंस?"

वाल्मिक खिडकीकडं बघत म्हणाला, "तिनं विचारलं नाही. मला सुचलं नाही. चुकलं माझं. पण त्यासाठी एवढं करतात का रे?"

फैयाज उठला. राहीबाईनं चहा विचारला नाही.

सहा महिने वाल्मिक दुकानाकडं फिरकला नाही. फैयाज सकाळी शटर उघडायचा, सीसीटीव्हीची कामं करायचा, पाच वाजले की शटर ओढून घरी जायचा. पाच ते सहा तो दुकानात बसेना. मेहताब मला म्हणायची, "समजावा ना त्यांना." मी काय समजावणार?

पावसाळ्यात मोनिकानं या सगळ्या प्रकरणावर एक लेख लिहिला. पुण्याच्या हौशी आकाश निरीक्षकांच्या पत्रिकेत तो आला. काळ्या फोटोत कोण कोण येऊन जातं, आकाशातलं काय, मातीतलं काय, आणि आपल्याच काचेतलं कसं ओळखायचं, हे तिनं सोप्या भाषेत मांडलं होतं. विहिरीतले आकडे होते. लेखाच्या मध्यावर एक ओळ होती: भिंगातला हा किरणोत्सर्ग सर्वप्रथम श्रीरामपूरचे कॅमेरा कारागीर फैयाज इब्राहिम शेख यांनी अकरा जानेवारी रोजी मोजला. नंतर काय झालं, कुणी काय लपवलं, याबद्दल एक अक्षर नाही. तिनं तो त्याच्या मोबाईलवर पाठवला होता. फैयाज माझ्याकडं आला, दोन प्रती काढून घेतल्या. माझ्या काउंटरला टेकून उभ्यानं वाचला.

मला वाटलं त्याला बरं वाटेल.

"बघ," तो म्हणाला, "एवढं मोठं मन दाखवायची काय गरज होती तिला? माझ्याविषयी खरं लिहिलं असतं तर निदान आम्ही सारखे तरी झालो असतो." मग प्रतीची घडी करत म्हणाला, "लिहिलंय मात्र चांगलं. वाल्मिकनं शिकवलं असेल."

ऑक्टोबरात मोनिकाची बदली भुसावळला झाली. ती जाताना फैयाजला भेटून गेली. दारातच उभी राहिली, "येते फैयाजभाई" म्हणाली. तो "जपून जा मॅडम" म्हणाला. दोघांपैकी कुणी दुसरा विषय काढला नाही.

ती गेल्यानंतरच्या आठवड्यात, एका संध्याकाळी, निळी स्कूटर आमच्या गल्लीत येऊन थांबली. वाल्मिक उतरला. मनगट अजून पूर्ण वळत नव्हतं, स्कूटर स्टँडला लावताना ते दिसलं. फैयाज शटर ओढायला उठला होता, तो तसाच उभा राहिला.

"घड्याळ बंद पडलंय," वाल्मिक म्हणाला आणि मनगटावरचं काढून दिलं.

फैयाजनं उघडून बघितलं. सेल संपला होता, बाकी काही नाही. वाल्मिकलाही ते माहीत असणार. सेल बदलायला फैयाजनं दहा मिनिटं लावली. मग टपरीवाल्या छगनला हाक मारून दोन चहा सांगितले.

बोलणं अडखळतच चाललं. पाऊस कसा झाला. राहीबाईचे गुडघे. आसारामनं दांड्या बदलून घेतल्या. चहा आला. वाल्मिकनं कप उचलला, आणि तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. त्यानं नाव बघितलं. चेहरा एकदम खुलला, मग त्याला फैयाजची आठवण झाली आणि त्यानं तो आवरला.

"भुसावळहून आहे," तो म्हणाला. "घेऊ का?"

"घे ना. मी कशाला नाही म्हणू?"

वाल्मिक बाहेर पायरीवर जाऊन बोलायला लागला. आधी हळू, मग नेहमीसारखे हातवारे करत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी माझ्या गाळ्यातून बघत होतो. फैयाज काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून पाठमोऱ्या वाल्मिककडं बघत होता, जबडा आवळलेला. मग त्यानं बशी घेतली, वाल्मिकच्या भरल्या कपावर पालथी घातली, आणि शटर न ओढता स्टुलावर बसून राहिला.